किंवा नंतरची कोणतीही

आईची खुर्ची स्वयंपाकघराच्या चौकटीवर आदळली की थोरली हातातलं काम टाकून तिकडे बघायची. धडक काही मोठी नसायची. पण चौकटीचा डाव्या बाजूचा रंग पार उडाला होता, आतलं लाकूड दिसायला लागलं होतं, आणि आई दर खेपेला चौकटीलाच म्हणायची, "सरक की गं जरा." मग खुर्ची मागे घ्यायची, पुन्हा पुढे न्यायची, पुन्हा आदळायची. कधीतरी नेम लागायचा आणि ती आत शिरायची.

आईनं उभं आयुष्य शाळेचे गणवेश शिवण्यात घालवलं होतं. सरळ रेषेत शिवण मारायची, एवढ्याच विद्येवर तिनं घर चालवलं आणि दोन पोरं शिकवली. आता तिचे हात कापत होते. पाय तर आधीच गेले होते. जीभ मात्र शाबूत होती, आणि पाय गेल्यापासून तिला कामही जास्त मिळत होतं.

खुर्ची विजेवर चालणारी. उजव्या हाताशी एक छोटी दांडी, ती जिकडे झुकवाल तिकडे खुर्ची जाणार. हात कापला की दांडी कापते आणि दांडी कापली की खुर्ची झिंगल्यासारखी चालते. त्यावर उपाय म्हणजे खुर्चीतलं सॉफ्टवेअर. हाताचा कंप कुठला आणि माणसाच्या मनातली दिशा कुठली हे ओळखायचं, कंप गाळून टाकायचा, आणि उरलेलं चाकांना सांगायचं. या खुर्चीत ते सॉफ्टवेअर होतंच, आणि ते आईच्याच पोरांनी लिहिलं होतं. घोडं अडलं होतं ते इथेच.

त्याचं असं झालं. आईची पहिली खुर्ची जुनी, कुणाची तरी वापरलेली होती. धाकट्याचं इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करायचं दुकान. त्यानं तिच्यात नवी सर्किटं बसवली. थोरली एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटरचं काम बघायची. तिनं कंप गाळणारा भाग लिहिला. दोघांनी ते सगळं इंटरनेटवर खुलं करून टाकलं, म्हणजे आणखी कुणाच्या आईला उपयोगी पडेल. थोड्याच दिवसांत एका अनोळखी माणसाचा निरोप आला: "वीज गेली तर तुमची खुर्ची उतारावर थांबणार नाही. ब्रेकचा भाग मी लिहून पाठवतोय, तो जोडा." माणूस धंद्यानं लिफ्ट तपासनीस होता. त्याचा ब्रेक जोडला आणि त्या दिवसापासून आई कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानात एकटी जायला लागली. तिथे तिच्या जुन्या मैत्रिणी बसत. वाटेत चांगलाच उतार होता, पण दांडी सोडली की खुर्ची जागच्या जागी थांबायची. मागून कुणी धरायला लागायचं नाही.

खुलं म्हणजे अगदी वाऱ्यावर सोडलेलं नव्हे. कुणीही घ्या, वाचा, बदला, वाटा, पण पुढे वाटाल तेव्हा तुमचे बदलही असेच उघडे ठेवा, अशी अट होती. ही अट ज्या परवान्यात होती तो या तिघांनी लिहिलेला नव्हता. दूरच्या एका संस्थेतल्या लोकांनी तो लिहिला होता आणि जगभरातले लोक आपापल्या कामाला तोच लावत. त्याच्या नमुन्यात शेवटी एक ओळ असायची: या आवृत्तीच्या अटी लागू, किंवा नंतरची कोणतीही आवृत्ती निघाली तर तिच्या. थोरलीनं 'किंवा'पासून पुढचं सगळं खोडलं होतं.

"ते उद्या काय लिहितील त्याला मी आजच हो म्हणू?" ती म्हणाली होती. "कोऱ्या कागदावर सही करणारी मी नव्हे."

"अगं ताई, भली माणसं आहेत ती," धाकटा म्हणाला होता.

"आज आहेत. उद्या त्यांच्या जागी कोण बसेल, तुला माहीत आहे?"

दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पितात असं म्हणतात. थोरलीचं तोंड कधीच पोळलेलं नव्हतं, तिचा स्वभावच फुंकून पिण्याचा होता. धाकटा वैतागला. तपासनीसानं मात्र लिहिलं, "ताईंचं बरोबर आहे. मी जे वाचलंय त्यालाच बांधील राहीन." ओळ खोडलेलीच राहिली. म्हणजे पुढेमागे परवाना बदलायचा झाला तर तिघांनी आपापल्या तोंडानं हो म्हणायला हवं, असं ठरून गेलं.

मग जुन्या खुर्चीची मोटर जळली. इस्पितळाकडून आईला नवी खुर्ची मिळाली, एका मोठ्या कंपनीची, चकचकीत. धाकट्यानं तिच्या छोट्या पडद्यावर माहितीचं पान उघडलं तर तिथे तिघांची नावं होती. कंपनीनं त्यांचंच सॉफ्टवेअर घातलं होतं. आईनं शेजारच्या प्रत्येक बाईला ते पान उघडून दाखवलं. थोरलीलाही, खोटं कशाला सांगा, आनंद झाला होता.

तो आनंद फार टिकला नाही. कंपनीनं कंप गाळायचं माप सरासरी माणसाच्या हाताचं ठेवलं होतं आणि आईचा हात सरासरीच्या पलीकडे गेला होता. माप बदलणं म्हणजे थोरलीच्या डाव्या हातचा मळ. धाकट्यानं वायर जोडली, नवी आवृत्ती चढवली, आणि पडद्यावर अक्षरं आली: अनधिकृत. नाकारलं. कंपनीची डिजिटल चावी असल्याशिवाय खुर्ची दुसरं काही चढवूनच घेत नव्हती.

थोरलीनं कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"मॅडम, ते तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे."

"ते सॉफ्टवेअर मी लिहिलंय."

"हो का मॅडम? अभिनंदन."

माप बदलायची विनंती कंपनीच्या तंत्रज्ञाकडे गेली. तंत्रज्ञ आला, मेनूतलं सगळ्यात मऊ माप लावून गेला, आणि चौकटीचा रंग उडायचा थांबला नाही. रस्त्यावर तर खुर्ची फुटपाथच्या कडेकडे ओढ घ्यायची. शिवणाच्या दुकानात जाणं बंद झालं. मैत्रिणी सुरुवातीला घरी आल्या, मग त्यांनाही त्यांची कामं होतीच. आई खिडकीशी बसायला लागली. जी बाई कधी मुकाट बसली नव्हती ती आता तासन्‌तास मुकाट बसायची. थोरलीला ते बघवत नव्हतं.

बरं, कंपनीनं काही चोरी केली होती म्हणावं तर तसंही नाही. सगळा कोड त्यांनी नियमाप्रमाणे आपल्या संकेतस्थळावर ठेवला होता, नीटनेटका. जुना परवाना एवढंच म्हणत होता की दाखवा. बदललेलं यंत्रात चालूही द्या, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं नव्हतं. स्वयंपाक कसा करतात ते बघा, पण चुलीला हात लावू नका, अशातली गत. दूरच्या त्या संस्थेनं नेमकी हीच पळवाट बुजवायला परवान्याची नवी आवृत्ती काढली होती. तिच्यात म्हटलं होतं, यंत्र ज्याचं त्याला चावीही द्या.

"कंपनीच्या पुढच्या मॉडेलला नवी मोटर आहे," धाकटा म्हणाला. "तिला आपली येणारी आवृत्ती लागणार. ती आपण नव्या परवान्याखाली काढू. मग एक तर त्यांनी चाव्या द्याव्यात, नाहीतर बसावं स्वतः लिहीत. एकदा चाव्या द्यायला लागले की जुन्या खुर्च्यांनाही देतील." मग त्याच्यानं राहवलं नाही. "ती ओळ असती तर कुणाला विचारायलाही लागलं नसतं."

 थोरलीनं नवी आवृत्ती शब्दन्‌शब्द वाचली होती. काही कलमं पटली, काही डोक्यावरून गेली, एक तर मुळीच आवडलं नाही. आईची खुर्ची आदळत नसती तर या कागदाला तिनं हो म्हटलं असतं का? नसतं. ही गोष्ट तिला टोचत राहिली. पटलं म्हणून हो म्हणणं वेगळं आणि नड आहे म्हणून हो म्हणणं वेगळं, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. तरीही तिनं हो म्हटलं. धाकटा तर हो म्हणायला टपलेलाच होता. राहिला तपासनीस.

इतकी वर्षं एका शहरात राहून ती त्याला कधी भेटली नव्हती. आता ती त्याच्या घरी गेली. जन्मभर लिफ्ट तपासून या माणसानं स्वतःचं घर तळमजल्यावर घेतलं होतं, याचा अर्थ ज्याचा त्यानं काढावा. बैठकीच्या खोलीत एका टेबलावर लिफ्टच्या ब्रेकचा जुना भाग ठेवला होता, पुसून लख्ख केलेला. त्यानं पाणी आणून दिलं, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"तुमचा त्या लोकांवर विश्वास बसला का आता?"

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "पूर्ण नाही."

"मग मला कशाला सांगताय विश्वास ठेवायला?"

"विश्वास ठेवू नका. ही एक आवृत्ती वाचा आणि तिला हो म्हणा. पुढची ओळ आताही खोडलेलीच राहील."

"वाचली मी." तो टेबलावरच्या ब्रेकवर बोट फिरवत राहिला. "ताई, तुम्हाला कुलूप वाईट वाटतं. मला तसं वाटत नाही. एका इमारतीत लोकांना लिफ्ट हळू वाटत होती. त्यांनी कुणाला तरी बोलावून वेग वाढवून घेतला. सगळे खूश. मी तिथे गेलो तो नंतर, ती खाली आदळल्यावर. तेव्हापासून कुलूप दिसलं की मला बरं वाटतं."

"कुलूप असू दे. चावी आईकडे असावी, एवढंच म्हणतेय मी."

"आईंकडे म्हणजे तुमच्या भावाकडे." तो हे अगदी साधेपणानं म्हणाला. "तो हुशार आहे. पण त्याला थांबता येत नाही. त्याच्या निरोपांवरून कळतं."

थोरलीला राग आला. राग आला तो म्हणणं खरं होतं म्हणून, हेही तिला कळलं. जाताना दारात तो म्हणाला, "मला विचार करू द्या. नाही म्हणत नाही मी. अजून हो म्हटलेलं नाही, एवढंच."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. थोरलीनं घरी येऊन 'विचार करतो म्हणालेत' असं सांगितलं आणि धाकट्यानं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. दुकानात बसल्या बसल्या त्यानं एकच आज्ञा चालवली आणि साऱ्या फायलींच्या माथ्यावरची परवान्याची ओळ एका झटक्यात बदलून टाकली. त्याच्या फायली, तिच्या फायली आणि ब्रेकची फाइलही. मग नवी आवृत्ती नव्या परवान्याखाली जाहीर केली. जगभरातून शाबासकीचे निरोप आले. चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं: पुढच्या मॉडेलात मालकांना चाव्या देण्याचा आम्ही विचार करत आहोत, सध्याच्या ग्राहकांचाही.

धाकट्यानं ते पत्र आईला वाचून दाखवलं. आईनं त्याच दिवशी एका मैत्रिणीला फोन करून सांगितलं की दुकानात माझी जागा राखून ठेवा, मी येतेय.

थोरलीला हे सगळं संध्याकाळी, कामावरून आल्यावर कळलं. पत्राच्या खालीच तपासनीसाचा निरोप होता. त्यात एकच वाक्य होतं: "मी हो म्हटलं नव्हतं."

"त्यांचं नाव आहे त्या फाइलवर," ती धाकट्याला म्हणाली. "त्यांच्या नावाखाली तू तुझं म्हणणं लिहिलंस."

"ते हो म्हणणारच होते."

"मग थांबायचं होतं."

"किती थांबू? आईला विचार किती थांबू ते." त्याचा आवाज चढला. "तुझ्या तत्त्वापायी ती खिडकीत बसलीय. तेव्हा ओळ खोडलीस, आता ही अडवणूक. जगात कुणावर तरी विश्वास ठेव की गं."

"तुझ्यावर ठेवला होता," थोरली म्हणाली.

आई दोघांच्या मधे होती. दांडीवरचा तिचा हात कापत होता आणि खुर्ची जागच्या जागी डावीउजवीकडे हलत होती.  थोरलीला वाटत होतं की तिनं एक शब्द बोलावा, राहू दे म्हणावं, मग आपण राहू देऊ. आई बोलली नाही. थोरलीनं आवृत्ती मागे घेतली, ब्रेकच्या फाइलवर जुनी ओळ स्वतःच्या हातानं परत लिहिली आणि जगाची माफी मागितली. कंपनीनं कळवलं की आम्हीही आमचा विचार तूर्त थांबवत आहोत. तपासनीसाला तिनं वेगळं लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. विचार करणारा तो माणूसही त्यांनी गमावला होता.

घरात अबोला राहिला. तो धाकट्यानंच मोडला. "त्यांचा ब्रेक काढून टाकू," तो म्हणाला. "आपला आपण लिहू. मग त्यांना विचारायचं कारणच उरत नाही."

"पी हळद आणि हो गोरी," आई म्हणाली.

पण दुसरा मार्ग नव्हता. ब्रेक लिहायचा थोरलीनं, असं ठरलं. तिनं तपासनीसाची फाइल बंद करून ठेवली, पुन्हा उघडायची नाही, नक्कल नको. काम वरवर सोपं होतं. खुर्चीचा ब्रेक स्प्रिंगनं दाबलेला असतो आणि वीज त्याला उचलून धरते. दांडी सोडली की वीज कधी काढायची, एवढंच ठरवायचं. लवकर काढली तर माणूस पुढे फेकला जातो, उशीर झाला तर खुर्ची उतार धरते. थोरलीनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. धाकट्यानं जुन्या खुर्चीला चाचणीपुरती एक मोटर बसवली, रोजच्या वापरात ती टिकणारी नव्हती. इमारतीच्या वाहनतळाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांनी खुर्चीवर वाळूची पोती ठेवून पाहिली. खुर्ची थांबली. प्रत्येक वेळी थांबली.

"आता मी बसते," आई म्हणाली.

रविवारची सकाळ होती, खाली वाहनतळ रिकामा होता. आईनं जुन्या खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. कंपाचं माप थोरलीनं तिच्या हाताला बेतलं होतं, त्यामुळे घरापासून उतारापर्यंत खुर्ची सरळ आली होती, दोऱ्यासारखी सरळ, आणि आईचा चेहरा उजळला होता. उताराच्या तोंडाशी ती थांबली. धाकटा खाली जाऊन उभा राहिला. थोरली मागे होती.

"निम्म्यावर जाते आणि दांडी सोडते," आई म्हणाली. "बरोबर?"

"बरोबर."

खुर्ची उताराला लागली. थोडी पुढे गेली आणि आईनं तिला थांबवलं. दांडी सोडली नव्हती, नुसती सरळ धरली होती.

"मागून धरलंयस का गं?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस. शिवताना कापड कुणी मागून ओढलं तर मला न बघता कळायचं. सोड."

थोरलीनं खाली पाहिलं. तिचे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर होते. तिनं ते कधी ठेवले ते तिला आठवेना. सोडायचे म्हणून तिनं ठरवलं, आणि हात सुटले नाहीत.

"ताई, पोत्यांवर नीट चाललंय," धाकटा खालून म्हणाला. "अगदी नीट."

"पोत्याचा हात कापत नाही."

"तूच लिहिलंयस ना ते?"

"म्हणूनच," थोरली म्हणाली.  कुठल्या ओळीत तिनं अंदाजानं आकडा टाकला होता, कुठे 'बहुधा' म्हणून पुढे सरकली होती, सगळं तिला एकाच वेळी आठवत होतं. दुसऱ्यांचं लिहिलेलं ती डोळ्यांत तेल घालून वाचायची. स्वतःचं कसं लिहिलं गेलं, ते तर तिला वाचावंही लागत नव्हतं.

 आई समोर उताराकडे बघत होती. मग तिनं मान न वळवता म्हटलं,

"त्या लिफ्टवाल्याचा ब्रेक होता तेव्हा मी एकटी जायचे. तू कधी मागे आली नाहीस."

"नाही आले."

"आणि त्याला तर तू तेव्हा पाहिलंसुद्धा नव्हतंस."

 धाकटा वर चढून आला आणि खुर्चीशेजारी उभा राहिला.  तिचे हात बघून त्यानं नजर दुसरीकडे वळवली, आणि ते तिला त्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"चल," आई म्हणाली, "घे मागे. आदळणारी तर आदळणारी, ती कंपनीचीच बरी, तिच्यात त्याचा ब्रेक आहे. आणि त्याला सांग, तुला नाही सांगवत तर मी सांगते, की आम्ही चुकलो."

थोरलीनं खुर्ची मागे ओढायला सुरुवात केली. आता दोन्ही हातांनी धरायला हरकत नव्हती.